इंग्रजीच्या तासाला तजवीद आणणाऱ्या कारीसाहेबांना

आदरणीय कारीसाहेब,
सलाम.

‘थिंक’मधला पहिला आवाज मुलांच्या तोंडी कसा बसवायचा, हा मालेगाव-भिवंडीपासून मुंब्र्यापर्यंत उर्दू माध्यमात इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा जुना प्रश्न. पुस्तकात जिभेची आकृती असते, पण आकृती पाहून जीभ हलत नाही. आपण, कुराण शुद्ध उच्चारात वाचायला शिकवणारे कारी, एवढंच म्हणालात की हा आवाज मुलांना येतो. तिलावत करताना, म्हणजे तजवीदच्या (शुद्ध उच्चाराच्या) नियमांनी कुराण वाचताना, काढतात, बोलताना काढत नाहीत. त्या एका सूचनेसाठी हे उघड आभारपत्र.

बोलीतल्या उर्दूत ‘से’ हे अक्षर ‘स’सारखं आणि ‘ज़ाल’ हे ‘ज़’सारखं उच्चारतात. तजवीदमध्ये मात्र दोन्हींचा मखरज (उच्चाराची जागा) एकच: जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला, आणि श्वास वाहता. ‘थिन’ला हवा तो ‘से’, ‘दिस’ला हवा तो ‘ज़ाल’. घशावर बोट ठेवलं की पहिल्याला कंप नसतो, दुसऱ्याला असतो. हम्स (कंपाविना) आणि जह्र (कंपासह) हे तजवीदचे शब्द मुलांना आधीच पाठ असल्यामुळे समजावण्याचा अर्धा वेळ वाचतो.

चूक कुठे होते तेही आपण दाखवलंत. मुलं ‘थिन’ म्हणताना ‘थाली’तला ‘थ’ लावतात. त्यात हवा अडते आणि मग सुटते, म्हणून तो लांबवता येत नाही. ‘से’ तीन-चार सेकंद सहज लांबतो. म्हणून तपासणी सोपी: आवाज ताणून दाखव. ताणता आला नाही तर जीभ दातांमागे चिकटली आहे. आरशात टोक किंचित दिसायला हवं. फार बाहेर आलं तर पुढचा स्वर अडखळतो. दुसरा धोका ‘ज़ोय’चा. मखरज तोच, पण जिभेची मागची बाजू वर उचलली जाते, आणि ‘दॅट’ जड, घोगरा होतो. ‘ज़ाल’ हलकाच ठेवायचा.

सरावाला कुराणातल्या आयती घ्यायच्या नाहीत, कायद्यातली (अरबी वाचनाच्या पहिल्या पुस्तकातली) सुटी अक्षरं जबर-जेर-पेश (अ-इ-उ या स्वरांच्या खुणा) लावून घ्यायची, हा आपला आग्रह आम्ही पाळतो. अदबीचा प्रश्न तर आहेच, शिवाय सुट्या अक्षरावर कान नीट बसतो.

‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’चा गोंधळ याच वाटेने सुटला. उर्दूचा ‘वाव’ दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो, म्हणून इंग्रजी कानाला कधी हा ऐकू येतो, कधी तो. तजवीदचा ‘वाव’ म्हणजे दोन्ही ओठ गोल, दात ओठांपासून दूर: तो ‘वेस्ट’चा. ‘व्हेस्ट’साठी ‘फे’ लांब धरायचा, खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना टेकलेली, आणि ओठ न हलवता घशातून आवाज सुरू करायचा. ‘शीन’ला असाच आवाज जोडला की ‘मेझर’मधला मधला आवाज, म्हणजे उर्दूचं दुर्मीळ ‘झ़े’, तीन टिंबांचं, मिळतं. एक मात्र होतं: ‘वेस्ट’ जमल्यावर आठवडाभर ‘व्हिलेज’सुद्धा गोल ओठांनी येतं. घाबरायचं नाही, जोड्या लावून म्हणून घ्यायच्या.

(‘फ’ आणि ‘ज़’बद्दल आम्ही गप्पच बसतो. ‘झू’ आणि ‘झिरो’ म्हणणाऱ्या मराठी शिक्षकापेक्षा उर्दूची मुलं तिथे चार पावलं पुढे आहेत.)

‘पार्क’चं ‘बार्क’ ऐकू येणं ही तजवीदबाहेरची अडचण, कारण अरबीत ‘पे’ नाही. तिथे उर्दूच कामी येते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा, जोर असलेला ‘प’ हवा सोडत येतो, म्हणून ‘फूल’मधला खरा ‘फ’, ओठ मिटून काढलेला, लावायचा. तोंडापुढे धरलेली कागदाची पट्टी हलली पाहिजे. ‘स्पिन’मध्ये ती हलता कामा नये, तिथे साधा ‘पे’. ‘ट’ आणि ‘क’लाही हाच नियम. ‘ट’ला जीभ टाळूकडे वळवायची नाही, टोक वरच्या हिरडीला लावायचं.

‘इस्कूल’ आणि ‘सकूल’ या दोन्हींचं कारण एकच: अवयवाच्या (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्याच्या) आरंभी दोन व्यंजनं नकोशी होतात, म्हणून स्वर आधी तरी शिरतो किंवा मध्ये तरी. आम्ही ‘माय स्कूल’पासून सुरू करतो. ‘मायस्’ थांबा ‘कूल’. अवयवाच्या शेवटी ‘स’ उर्दूला चालतो, म्हणून अडत नाही. मग ‘माय’ मनातल्या मनात म्हणायचं आणि ‘स’ दोन सेकंद धरून ‘कूल’ला जोडायचा.

राहिले शब्दाच्या शेवटचे जोड: ‘फिलम’, ‘फारम’. रोजच्या बोलण्यात मुलं ‘फजर’, ‘असर’ म्हणतात, पण तिलावतीत ‘फज्र’, ‘अस्र’वर वक्फ करताना (थांबताना) मधला स्वर गाळतात. तीच सवय ‘फिल्म’ला वापरता येईल असं वाटतं. अडचण कल्कल्याची, म्हणजे काही ठरावीक अक्षरांवर थांबताना त्यांना उसळी देण्याच्या तजवीदच्या नियमाची, आहे: ‘बेड’, ‘जॉब’च्या शेवटी काही मुलं अक्षराला उसळी देतात आणि एक अवयव वाढतो. कल्कला न करता ‘दाल’ आणि ‘बे’ कसे मिटवून घ्यायचे, हे आपण येत्या सत्रात एका शनिवारी आम्हा शिक्षकांना दाखवावं, ही विनंती.

आपले,
इंग्रजी विषयाचे शिक्षक