अ‍ॅनबद्दल

प्रिय बाळा,

प्रभूत सलाम.

बायकोला आणि छोटीला सॅन फ्रान्सिस्कोत ठेवून कंपनीच्या कामासाठी दूर जाण्याबद्दल परवा फोनवर तू म्हणालास, "आई, दोनच वर्षं. दर चार महिन्यांनी घरी येईनच की." तेव्हा मी गप्प राहिले. रविवारी भायखळ्याला टेलर मेमोरियल चर्चमध्ये उपासनेला बसले होते आणि मनात तेच घोळत होतं. आपल्या देवळाला ज्याचं नाव आहे तो विल्यम टेलर तुझ्याच सॅन फ्रान्सिस्कोतून आलेला. लहानपणी संडे स्कूलमध्ये मी तुला त्याची गोष्ट सांगायचे, पण अर्धीच. उरलेली आज लिहिते.

१८४९ मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीनं त्याला उपदेशक म्हणून कॅलिफोर्नियाला पाठवलं. सोन्यासाठी जग तिकडे धावत होतं. पनामाचा कालवा तेव्हा नव्हता, म्हणून बाल्टिमोरहून जहाजानं अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा. बरोबर बायको अ‍ॅन, गरोदर. केप हॉर्नच्या वादळी समुद्रात ती बाळंत झाली. मुलीचं नाव ठेवलं ओशियाना. तुझ्या वेळी मी नायगावला आईच्या घरी होते, सुईण, डॉक्टर, आजी सगळे भोवती, तरी घाबरून अर्धमेली झाले होते. तिच्याजवळ कोण होतं?

सप्टेंबरात पोचले तर राहायला घर नाही. शहर म्हणजे तंबू, चिखल आणि जुगाराचे अड्डे. लाकडाला सोन्याचा भाव. टेलर खाडीपलीकडच्या रेडवुडच्या जंगलात गेला, स्वतः झाडं तोडली, छपराच्या फळ्या काढल्या आणि आपल्या हातांनी घर उभं केलं. डिसेंबरात पोर्ट्समाउथ स्क्वेअरमध्ये एका जुगारअड्ड्यासमोर सुताराचं बाकडं पडलं होतं, त्यावर चढून तो गाऊ लागला. आवाज इतका खणखणीत की माणसं आतून उठून बाहेर आली. मग सात वर्षं तो रस्त्यावर उपदेश करत राहिला, कधी दारूच्या पिंपावर उभा राहून. खाणींवरून आलेले तरुण दवाखान्यात हगवणीनं मरत होते. घरापासून हजारो मैल दूर, बहुतेक तुझ्यापेक्षा लहान. त्यांच्याजवळ तो जाऊन बसे. मला त्याच्या सगळ्या उपदेशांपेक्षा हे मोठं वाटतं.

ओशियाना मात्र राहिली नाही. लहानपणीच गेली.

१८५६ मध्ये तो बाहेर पडला. खलाशांसाठी काढलेल्या कामाचं कर्ज अंगावर होतं, ते पुस्तकं लिहून, विकून फेडायचं होतं. तिथून जो फिरत राहिला तो फिरतच राहिला. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, १८७० मध्ये हिंदुस्थान. पुढच्या वर्षाअखेर तो मुंबईत आला आणि १८७२ मध्ये इथली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. आपल्या रस्त्यांवर रोज मराठीत उपदेश करणारे जॉर्ज बोवेनही तिच्यात आले. त्यातूनच पुढे आपलं देऊळ, तुझा बाप्तिस्मा, माझं लग्न. त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण तो इथे प्रार्थना घेत होता तेव्हा अ‍ॅन सॅन फ्रान्सिस्कोजवळ अलामेडात मुलं वाढवत होती. पुढे दक्षिण अमेरिका झाली, मग आफ्रिकेचा बिशप. तो १८९६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचा होता.

तिच्या नावाचं देऊळ मी अजून पाहिलेलं नाही.

तुला आठवत नसेल. तू चार वर्षांचा असताना पप्पा जहाजावरून दहा महिन्यांनी घरी आले. तू कपाटामागे जाऊन लपलास आणि मला हळूच विचारलंस, "हे काका कधी जाणार?" पप्पा हसले. रात्री मोरीत नळ सोडून रडत होते, मला ऐकू आलं. टायफॉइडमध्ये तुला मी एकटीनं उचलून टॅक्सीत घातलं होतं तेही त्यांना महिन्याभरानं पत्रातून कळलं. पोटासाठी गेले होते, त्यांचा दोष नव्हता. तरी ती वर्षं आम्हाला परत कुणी दिली नाहीत.

जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. टेलर गेला नसता तर आज मी या बाकावर नसते. पण त्यानं अ‍ॅनला काय विचारलं, ती काय म्हणाली, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. तू अजून सही केलेली नाहीस. येत्या रविवारी छोटीला आणि तिच्या आईला घेऊन पोर्ट्समाउथ स्क्वेअरला जा. आता तो चायनाटाउनमध्ये येतो, म्हातारी माणसं पत्ते खेळत बसलेली असतात म्हणे. छोटीला खेळू दे. तू बायकोजवळ बाकावर बस आणि तिला विचार. कंपनी काय देते ते सांगू नकोस, नुसतं विचार, आणि ती बोलेपर्यंत थांब.

हे पत्र आधी तिला वाचायला दे.

तुझी,
आई