गुरं डोंगरावरून उतरली

केम्प्टन, जर्मनी, १३ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "गुरांमागं फिरणं आता होत न्हाई, दिवाळी झाली की दोन्ही गाई विकून टाकतो." ते ऐकल्यापासून चैन नाही. परवा बाड हिंडेलांग या गावाला जाऊन आले. तिथं जे पाहिलं त्यावरून एक सुचलंय, ते लिहिते.

इकडे आल्प्सच्या पायथ्याचे शेतकरी जूनच्या सुमारास आपल्या कालवडी डोंगरावरच्या कुरणांवर धाडतात. साधारण शंभर दिवस त्या वरच असतात. तोवर खालचं गवत कापून, वाळवून हिवाळ्याची वैरण साठवायची. प्रत्येक मालक काही वर जात नाही. कितीतरी घरांची जनावरं मिळून एक गुराखी सांभाळतो. बर्फ पडायच्या आत सगळी खाली येतात. हिंडेलांगला हा दिवस ११ सप्टेंबरचा.

आधी नुसता आवाज येतो. चामड्याच्या रुंद पट्ट्याला लहान घागरीएवढ्या घंटा, अशी एकेक कालवड घाटातून उतरते. आई, सगळ्यात पुढच्या कालवडीचं बाशिंग तू बघायला हवं होतंस: हिरव्या डहाळ्या, डोंगरातली फुलं, रंगीत फिती, मधे क्रूस आणि छोटा आरसा. आरसा का, तर वाईट शक्तींनी त्यात स्वतःलाच बघून पळून जावं. बाबा, पुष्कळ गुरांना शिंगंच नव्हती, लहानपणीच काढतात. खिल्लार पाहिलेल्या डोळ्यांना ती डोकी ओकीबोकी वाटली.

पण बाशिंग दरवर्षी बांधता येतंच असं नाही. वर एकही जनावर दगावलं नाही, तरच. एखादं कड्यावरून पडलं, वीज पडून गेलं, की अख्खा कळप बिनसजावटीचा उतरतो. असा एक कळप मी पाहिला. पुढं विशीतला गुराखी होता, मान खाली घालून चालत होता. मला २०२२ ची वसुबारस आठवली. लंपीच्या रोगात आपली गंगी गाय गेली होती. आईनं गोठ्यात पणती लावली, आणि तुम्ही गव्हाणीपाशीच बसून राहिलात, जेवायलाही आला नाहीत.

मग मैदानात गुराखी एकेक जनावर बाजूला काढून ज्याच्या त्याच्या हवाली करतात. कानात पिवळा बिल्ला असतो, आपल्याकडच्यासारखाच. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कालवडीच्या पाठीवरून, पोटाखालून हात फिरवला, पुढचा पाय उचलून खूर बघितला आणि मग गुराख्याचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही.

२०१९ च्या दुष्काळात तुम्हीही म्हसवडच्या छावणीत गुरांपाशी राहिलात आणि पाऊस झाल्यावर सगळी धडधाकट घरी आणलीत. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेवढंच कौतुक झालं. बाबा, मला विचाराल तर त्या दिवशी बाशिंगाचा मान तुमचा होता.

आता मुद्द्याचं. गाई विकू नका. वस्तीवर चार-पाच घरांत अजून गुरं आहेत, आणि प्रत्येक घरातलं म्हातारं माणूस एकेकटं माळावर फिरतंय. पूर्वी गावाचा गुराखी असायचा, तसा सगळ्यांनी मिळून एक ठेवा. पहिल्या वर्षाचा आपला वाटा मी देईन, ज्यांना जमणार नाही त्यांचाही देईन. पगारात मात्र घासाघीस करू नका. इथंही ही कुरणं टिकली आहेत ती सरकार शेतकऱ्यांना अनुदान देतं म्हणून. सकाळी त्यानं गुरं सोडायची, संध्याकाळी दावणीला आणून बांधायची. धार तुम्हीच काढा. थोरली दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही, ठाऊक आहे मला.

आई, शेजारच्या काकींपाशी तू विषय काढ, म्हणजे पुढं सरकेल. बाबांना गुडघ्याचं तेल वेळेवर लाव.

रविवारी फोन करते. कोण कोण तयार आहे ते सांगा, आणि धाकट्या गाईला कितवा महिना लागलाय तेही.

तुमची लेक