सातपूरच्या मेस्त्री काकांना, ब्रेकवरून पाय न उचलायला शिकवल्याबद्दल

काका नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही माहितीये, पण तुमचा मुलगा दाखवेल, आणि बाकी नाशिककरांच्या पण उपयोगाचं आहे म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या आठवड्यात आईला आणि पोराला घेऊन इगतपुरीहून येत होते. घोटी सोडलं आणि पाऊस असा कोसळायला लागला की वायपर फुल स्पीडला टाकून पण पुढचं नीट दिसेना, मी ६० वर आले होते, आणि पुढचा भाजीचा पिकअप एकदम जागेवर थांबला. मी सगळी ताकद लावून ब्रेक दाबला, पायाखाली पेडल धडधड उलटं मारायला लागलं, खालून करर्र करर्र आवाज, आई मागून ओरडली, आणि मला फक्त तुमचं वाक्य आठवलं, "ताई, पाय काढायचा नाही, गाडी तिचं काम करतेय." नाही काढला. डावी लेन मोकळी होती, तिकडे स्टिअरिंग घेतलं, गाडी वळली आणि पिकअपच्या बाजूने जाऊन थांबली. ताडपत्रीखालून कोथिंबिरीच्या जुड्या लोंबत होत्या, हात बाहेर काढला असता तर हाताला लागल्या असत्या इतक्या जवळून गेलो.

काका, तीन महिन्यांपूर्वी असती तर मी पाय उचलला असता. मला पप्पांनी शिकवलेलं, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायचा-सोडायचा, मारायचा-सोडायचा. त्यांच्या जुन्या फियाटला तेच बरोबर होतं, तिथे चाक लॉक होऊ नये म्हणून पायानेच ते करावं लागायचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) हा शब्दसुद्धा कुणी काढला नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला एबीएस कम्पल्सरी आहे, पण ते लागल्यावर पायाला कसं वाटतं हे कुणी सांगतच नाही, आणि मला याचा खरंच राग येतो. म्हणून तर मी तुमच्याकडे ब्रेक खराब झाला म्हणून आले होते ना, जोरात दाबला की पेडल थरथरतं म्हणून! त्याआधी एका गॅरेजवाल्याने डिस्क आणि पॅड सगळंच बदलायला सांगितलं होतं.

तुम्ही आधी माझ्याबरोबर एक चक्कर मारली, मग गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा लागून विझतो का ते बघितलं, मग चाक काढून तो दातेरी रिंगजवळचा छोटासा सेन्सर दाखवला, चिखलाने माखलेला, फडक्याने पुसत म्हणालात, हा चाक किती फिरतंय ते मोजतो, एखादं चाक अचानक थांबायला लागलं की कॉम्प्युटर त्या चाकाचं प्रेशर सोडतो आणि परत धरतो, सेकंदात कितीतरी वेळा, माणसाच्या पायाला जमणारच नाही. थरथर तीच. आणि "फिरणारं चाकच वळतं ताई, लॉक झालेलं नुसतं घसरतं," हे तर मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय.

पण खरं शिकले ते रविवारी सकाळी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर. नुकताच पाऊस पडून गेलेला, तुम्ही ऑइलचा रिकामा डबा मधोमध ठेवलात आणि शेजारी बसलात, मागे कुणी नाही बघून ४० ला ब्रेक दाबायला लावला. पहिल्यांदा थरथर लागली की पाय आपोआप वर आला. दुसऱ्यांदा पण. चौथ्यांदा शेवटपर्यंत दाबून ठेवला आणि डबा चुकवला, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. 

लगेच दमही दिलात, एबीएस आहे म्हणून पुढच्याच्या बुडाला चिकटून चालवायची नाही, खडीवर आणि मातीवर गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबू शकते. दिंडोरी रोडला ट्रॅक्टरच्या चाकाची माती रस्त्यावर पडलेली दिसली की मी आता आधीच स्लो होते. पिवळा दिवा विझलाच नाही तर साधा ब्रेक चालतो पण एबीएस नाही, लवकर दाखवायची, आणि ब्रेकचा लाल पण लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं, हे पोराने पाठ केलंय, गाडी चालू केली की तोच आधी बघतो. भावालाही सांगितलं की त्याच्या बाईकला सिंगल चॅनल एबीएस आहे, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, मागचं लॉक होऊ शकतं. त्याला हे माहितीच नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी फक्त साफसफाईचे पैसे घेतले, दीड तास शिकवलंत त्याचा एक रुपया नाही. आईला हे सांगितलं तर तिने घरी आल्यावर देवाजवळ दिवा लावला आणि म्हणाली, एक त्या मेस्त्रींच्या नावाने.

रविवारी येतेय. मागचे दोन्ही टायर घासलेत, तेही बघा, खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की टायर बाद झालाच समजायचं म्हणाला होतात. बरोबर वहिनीला आणतेय, तिला आत्ताच लायसन मिळालंय. डबा तेवढा ठेवा काका.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई