सावडीची पाळी लावून देणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

यंदा ज्वारीची पेर वापशावर, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल असतानाच, उरकली, कुणाचंही रान मागं राहिलं नाही. आम्हा सगळ्या सावडकऱ्यांकडून तुमचे जाहीर आभार.

सावड म्हणजे शेजाऱ्याला मदत, एवढंच नव्या पोरांना ठाऊक असतं. तेवढ्यावर ती एक हंगामही टिकत नाही. इर्जिकीत गाव येऊन नांगरून देतो, जेवण घातलं की विषय संपला. सावड मात्र फेडावी लागते: त्यानं आपल्या रानात जेवढं काम केलं, तेवढं आपण त्याच्या रानात करायचं. सांगलीकडं तिलाच पैरा म्हणतात.

भांडण लागतं ते आधी कुणाचं रान, या पाळीवरून. हस्ताचा पाऊस सगळ्यांवर एकदमच पडतो. तुम्ही पाळी भावकी बघून नाही, जमीन बघून लावलीत: आधी माळावरचं बरड, म्हणजे हलकं रान, मग मध्यम रान, शेवटी ओढ्याकाठची काळी. बरडाची ओल दोन-तीन दिवसांत उडते, काळी थांबते. चार बोटं खालची माती मुठीत दाबून कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. फुटली तर वापसा, चपटी होऊन बसली तर अजून ओली. अशा ओल्या रानात पेरायची तिफण घातली की फणाला चिखल धरतो, बी खाली सोडणाऱ्या नळीचं तोंड बुजतं, आणि वर चाड्यात मुठीनं बी सोडणं चालूच असल्यानं कुणाच्या ध्यानात येत नाही. आठवड्यानं तासच्या तास, म्हणजे पेरलेली ओळच्या ओळ, मोकळं दिसतं. मग एकरी चार किलो बी मोजून घेतलं होतं, दीड फुटाचं अंतर राखलं होतं, याला काय अर्थ?

हिशेबही तुम्ही आधीच बांधून दिलात. बैलजोडीच्या एका दिवसाला माणसाचे दोन, काढणीला माणसामागं माणूस, आणि कर्त्या गड्याच्या बदल्यात शाळकरी पोरगं चालायचं नाही. (हे शेवटचं कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं.) ट्रॅक्टर आला तर डिझेल ज्याचं रान त्याचं.

आता काढणीची पाळी तुम्हीच लावा. माळावरची ज्वारी आधी वाळणार, पण उपटायची पहाटेच, दवात पाती नरम असतात तेव्हा. ऊन चढलं की हात कापतात आणि वाळलेल्या कणसातले दाणे झडतात. तुमच्या काळ्या रानात आम्ही शेवटी येऊ, हाताला गुंडाळायची फडकी आमची आम्ही आणू.

आपले,
माळावरचे आणि ओढ्याकाठचे सावडकरी
मंगळवेढा, जि. सोलापूर