थेंबभर रक्त तपासायला कुणाची परवानगी हवी?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

काल आमच्या गल्लीतल्या सात वर्षांच्या पोराला सरकारी दवाखान्यातून 'ऊन लागलंय, पाणी पाजा' म्हणून परत पाठवलं. आमच्या घरच्या मशीनवर त्याच्या रक्तातली साखर मी तपासली. ३८६. म्हणजे मधुमेह. आता तो ॲडमिट आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याच दवाखान्यात मला हेच सांगितलं होतं. मुलगी तेव्हा ९ वर्षांची. एप्रिलातलं सोलापूर, तहान कुणाला लागत नाही? पण नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ती रात्रीतून तांब्यावर तांब्या रिकामा करायची. झोपेत अंथरूण ओलं करायची. एवढी मोठी झालीस म्हणून मी तिला मारलं, साहेब. सकाळी सासूबाईंनी ओल्या चादरीला लागलेल्या मुंग्या दाखवल्या, तरी लघवीतून साखर जातेय हे मला कळलं नाही. भाकरी दुप्पट खायची अन् परकर कमरेवर ठरायचा नाही.

आधी जंताची गोळी दिली, मग लघवीच्या इन्फेक्शनचं औषध. अशक्तपणा म्हणून मी स्वतःच्या हातानं ग्लुकोज पाजलं. मग उलट्या, पोटदुखी, धाप, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. मोठ्या दवाखान्यात साखर ५४० निघाली. चार दिवस आयसीयूत.

हा टाइप वन मधुमेह. गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच, रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. इन्सुलिन पहिल्यांदा १९२२ साली दिलं तेही १४ वर्षांच्या मुलाला. शंभर वर्षं झाली, आणि आमच्या पोरांना अजून जंताच्या गोळ्या! तुमची मधुमेहाची तपासणी मोहीम तिशीच्या पुढच्यांसाठी. लहान पोरांना हा आजार होत नाही असं कुणी ठरवलं? १४ नोव्हेंबरला बालदिन असतो, मधुमेह दिनही त्याच दिवशी. भाषणं दोन्हीकडे होतात.

मी तेव्हाच अर्ज दिला होता. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर आलं. दवाखान्याच्या भिंतीवर या लक्षणांचा साधा एक कागदही अजून लागला नाही. इमारतींना पैसा आहे, उद्घाटनाच्या मांडवाला आहे, साखर तपासायच्या पट्टीला नाही. मी विड्या वळते. मुलीची रोजची चार इन्सुलिनची इंजेक्शनं त्यातूनच. पट्ट्या मोजून वापरतो. कालची पट्टीही मुलीच्याच डबीतली.

तहान, सारखी लघवी, उतरणारं वजन, गळाठा. हे घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाला तिथंच सुई टोचा. मिनिटभराचं काम आहे. शाळांतल्या बाईंना ही लक्षणं शिकवा. उत्तरात 'कार्यवाही' लिहू नका, तारीख लिहा.

आपली,
एका मुलीची आई, सोलापूर