ते चार महिने लपवू नकोस

सातारा

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, त्या आधीच्या कंपनीतले चार महिने मी नव्या नोकरीच्या बायोडेटात घालतच नाही, कुणाला कळणार?" बाबा शेजारी होते म्हणून तेव्हा बोलले नाही. पण तेव्हापासून मन लागत नाही.

कळतं रे. तिथे तुझा पीएफ कापत होते ना? मग तुझ्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, त्या कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख आहेच. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. नव्या कंपनीसाठी उमेदवाराची माहिती तपासणारे पडताळणीवाले हल्ली सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे पीएफच्या नोंदीतली नोकऱ्यांची यादी, सर्रास मागतात. सोडल्याची तारीख तिथे भरलेली आहे का, हे आजच बघ. रिकामी राहिली असेल, तर तू एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला होतास असं दिसेल. कंपनीने भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला भरता येते, आधारच्या ओटीपीवर.

मी कॉलेजच्या ऑफिसात होते तेव्हा अशी पडताळणीची पत्रं माझ्याच टेबलावर यायची. सोबत उमेदवाराने भरलेली माहिती. मी जुनं निकालाचं रजिस्टर काढायचे, आकडे ताडून बघायचे आणि साहेबांच्या सहीला ठेवायचे. एका मुलाने 58 टक्क्यांचे 60 लिहिले होते. रजिस्टरात होते तेच मी लिहिलं. पंधरा दिवसांनी तो खिडकीशी आला. "मॅडम, अट 55 चीच होती हो," म्हणाला आणि रडायला लागला. मला काही करता आलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुझं बोलणं ऐकलं आणि तोच मुलगा डोळ्यांसमोर आला.

तिथे तुझं का जमलं नाही, ते दोन ओळींत खरं लिही. चार महिन्यांत नोकरी सोडणारा तू काही पहिला नाहीस. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, त्यांनी अडवून ठेवलंय म्हणालास. नोटिशीची मुदत पुरी न केल्याचे पैसे राहिले असतील तर भरून टाक, कमी पडले तर मला सांग, बाबांशी मी बोलते. तरीही नाहीच दिलं, तर राजीनाम्याचा मेल, त्यांचं उत्तर, पगाराच्या स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट एकत्र ठेव आणि नव्या कंपनीच्या एचआरला त्यांनी विचारायच्या आधीच सांग. फॉर्ममध्ये सध्याच्या ऑफिसात आत्ता चौकशी करू का, असं विचारलं तर नाही म्हण. राजीनामा दिल्यावर करू देत.

तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी, आणि पॅनवर तुझ्या नावात मधे बाबांचं नावच नाही. फॉर्म भरताना ते विचारतील तसंच भर, मनाने जोडू नकोस. पत्ता बघायला माणूस खोलीवर येईल, फोटो काढेल, शेजारी विचारेल. घरमालकीण काकूंना आधी सांगून ठेव, नाहीतर त्या "इथे असा कुणी राहत नाही" म्हणून दार लावतील.

पदवीचं मूळ प्रमाणपत्र लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा. लॅमिनेशन मात्र करू नकोस.

तुझी,
आई