खोडलेलं ४५

प्रिय मंदे,

फोनवर सांगायला गेले तर तू अर्ध्यावर तोडून स्वतःचं सुरू करशील, म्हणून लिहायला बसले. माझी साखर ताब्यात, आईचा गुडघा आहे तसाच. झालं तब्येतीचं.

अकरावीच्या चाचणीत मी दोन प्रश्न मुद्दाम लागोपाठ घातले होते. पहिला : एसटी घाट ताशी ३० किलोमीटरने चढली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० ने उतरली, सरासरी चाल किती? दुसरा : एक गाडी पहिला तास ३० ने आणि दुसरा तास ६० ने गेली, सरासरी चाल किती? पहिल्याचं ४०, दुसऱ्याचं ४५. बहुतेक वर्गाने दोन्हीकडे ४० लिहिलं. दोन चाली दिसल्या की गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज, हे क्लासात घोटून घेतलेलं असतं. अंतरं सारखी आहेत की वेळ सारखा आहे, हे बघायला कुणी थांबलंच नाही.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. डोंगरापलीकडच्या वाडीवरून रोज एसटीने येते. तिच्या पेपरात दुसऱ्या प्रश्नाला आधी ४५ आहे. ३० अधिक ६०, भागिले २ तास, सगळं नीट मांडलेलं. त्यावर आडवी रेघ, आणि शेजारी ४०.

मंदे, मला तू आठवलीस. तुझं ते शून्य! रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून जिथून निघालो तिथेच आलो तर सरासरी वेग किती, आणि तू लिहिलेलं बरोबर शून्य पुढच्या बाकावरच्या हुशार मंडळींचा आकडा बघून खोडलंस. सरांनी भर वर्गात विचारलं होतं, ‘हे खोडायला कुणी सांगितलं?’ तू रडलीस आणि नंतर सगळा राग माझ्यावर काढलास. वेग विस्थापनावरून काढायचा, म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतच्या सरळ अंतरावरून, हे तुला पटेना. विस्थापन शून्य तर पोटऱ्या कशाला दुखतात म्हणे! पोटऱ्या अंतराने दुखतात, विस्थापनाने नाही, हे मी चौपाटीवर भेळ संपेपर्यंत सांगत होते आणि तू माझ्या वाट्याच्या कैऱ्या खात होतीस. ते भांडण मी जिंकले होते. अजूनही तू मान्य करत नाहीस.

तर मी त्या पोरीला मधल्या सुट्टीत बोलावलं. घाबरली बिचारी. ‘४५ का खोडलंस?’ तर म्हणाली, ‘मॅडम, सगळ्यांचं ४० येत होतं. ते क्लासला जातात.’ ही जात नाही, फी परवडत नाही. मग मी विचारलं, घाटाच्या गणितात ४५ का नाही आलं? ती लगेच म्हणाली, ‘चढाला गाडी वेळ खाते ना. ३० नेच जास्त वेळ बसून राहावं लागतं, मग सरासरी ३० कडेच सरकणार.’ अगं, हेच तर सगळं आहे! ६० किलोमीटरचा घाट धर : चढायला २ तास, उतरायला १, एकूण १२० किलोमीटर ३ तासांत. सरासरी वेळेच्या वजनाने ठरते. हे तिला कुणी शिकवलं नाही, खिडकीशी बसून कळलंय. विस्थापनही तिला विचारून बघितलं. म्हणाली, ‘वाडीवरून कॉलेज खिंडीतून सरळ जवळ आहे, गाडी डोंगराला वळसा घालते. सरळ ते विस्थापन, वळसा ते अंतर. आणि संध्याकाळी घरी पोचले की दिवसाचं विस्थापन शून्य.’ तुझ्यासारखी भांडली नाही हो.

आणि ही पोर स्वतःचं उत्तर खोडते. मला झोप लागेना ती यामुळे. यावेळी तिने निदान ४५ लिहून खोडलं, म्हणून मला दिसलं. पुढच्या वेळी ती मनातच खोडेल. कोऱ्या कागदावर सरळ ४० लिहील आणि मला कधीच कळणार नाही.

वरून सांगून झालंय की हा धडा आटपा, सूत्रं द्या, पुढे सरका. सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, विचार करायला वेळ कुठे आहे? त्यांचंही अगदीच खोटं नाही. शेतातून येणाऱ्या पोरांना इंजिनिअरिंगची सीट हवी आहे आणि ती मिळायलाच हवी. पण मंदे, सूत्र कुठे लागतं हे कळायला लागणारा वेळ सूत्रातच कसा वाचवणार? आपले सर आधी रेघ ओढायला लावायचे. इथून निघाला, इथे पोचला, किती वाजता. रेघ नसेल तर बरोबर उत्तरही तपासायचे नाहीत. आपण त्यांना काय काय म्हणायचो! आता मी तेच करते.

वर्गाला मी आइन्स्टाइनचा किस्सा सांगितला. मॅक्स वर्टहायमर म्हणून त्याचा मानसशास्त्रज्ञ मित्र होता, त्याने त्याला पत्रातून कोडं घातलं : जुनी मोटार एक मैलाची चढण ताशी १५ मैलांनी चढली, तर एक मैलाचा उतार किती चालीने उतरली म्हणजे पूर्ण प्रवासाची सरासरी ३० पडेल? पोरं एका सुरात ओरडली, ४५! मग मांडायला लावलं. दोन मैल ताशी ३० ने म्हणजे ४ मिनिटं, आणि ती ४ मिनिटं चढणीतच संपलेली. उतरायला वेळच उरला नाही. हे आकडेमोड करेपर्यंत आपल्याही लक्षात आलं नव्हतं, असं खुद्द आइन्स्टाइनने उलट कळवलं होतं. वर्ग गप्प झाला, आणि ती मागच्या बाकावरची पहिल्यांदा मोकळी हसली.

दुसऱ्या दिवशी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातला मोर घातला. ९ हात खांबावर मोर, खांबाच्या बुंध्याशी बीळ, २७ हातांवरून साप बिळाकडे निघालाय, दोघांची चाल सारखी, मोर तिरका झेपावतो, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? ‘मॅडम, स्पीड किती?’ स्पीड दिलेलाच नाही गं बाळांनो! सारखी चाल, सारखा वेळ, म्हणून दोघांनी कापलेलं अंतर सारखं, एवढंच हातात. १२ हात येतात, दोघंही १५ हात चालतात. क्लासच्या वहीत याला जागा नाही. तुला पाटणचा शिलालेख आठवतो? चाळीसगावहून उन्हात गेलो होतो आणि तुझी चप्पल तुटली होती. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातवाने मठ काढला, ते त्यावर कोरलंय. तेव्हा आपण सावली शोधत होतो. आता सारखं मनात येतं, त्या मठात मोराचं गणित सांगताना पोरांनी काय विचारलं असेल?

धडा मी आटपणार नाही, ठरलंय. बोलणी बसतील तर बसू देत.

तुझ्या लेकाच्या व्हिसाचं काय झालं? नव्या घराला पश्चिमेची खिडकी आहे ना, की तिथेही भाऊजींनी कपाट ठोकलं? सासूबाईंना नमस्कार सांग.

आणि एक काम कर. जिथे क्लासचं सूत्र लावलं की उत्तर चुकेल अशी चार गणितं काढून पाठव. तीन टप्प्यांचा प्रवास असलेलं एक हवं, आणि एकात गाडी मध्येच थांबलेली हवी, थांब्याचा वेळ धरायला पोरं विसरतात. आकडे सोपे ठेव, तुझ्या त्या पावणेसातच्या पटी नकोत. सोमवारी फळ्यावर घालायची आहेत, तेव्हा शनिवारच्या आत.

तुझी,
कुमू